सात पिढ्या नाही हो, 7 कावळे!

फॅमिली ग्रुपवर फिरून फिरून तो मेसेज शेवटी आत्याकडे पोचलाच. अमेरिकन शास्त्रज्ञांनी म्हणे सिद्ध केलंय की कावळा सात पिढ्या ओळखतो, त्याला सात वर्षांच्या मुलाएवढी अक्कल असते, तो मेलेल्याचा शोक करतो, आणि म्हणून तो डोक्यावर टोचायला आला तर पितर नाराज आहेत. आता आत्या गच्चीवर गेली की दोन कावळे अंगावर येतायत, झालं, शांती ठरली. मला फोन कशाला, तर उरलेले पैसे ऑनलाइन कसे पाठवायचे.

प्रयोग खरा आहे, ते मान्य. सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत जॉन मार्झलफ यांच्या टीमने 2006 मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून 7 कावळे पकडले आणि पायात कडी अडकवून सोडले. नंतर तो मुखवटा घालून कोणीही कॅम्पसवर फिरलं की कावळे कलकलाट करत मागे, आणि डिक चेनींचा (अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष!) मुखवटा घातला तर फारसं लक्षच नाही. पावणेतीन वर्षांनीही राग तसाच. ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते पण बघून बघून शिकले, पिल्लं आईबापांकडून शिकली. म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत जातं, बरं, दिलं तेवढं. पण ओळखायचे ते समोरचं तोंड, मुखवट्याच्या आत कोण आणि त्याचे पणजोबा कोण याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

आत्याला विचारलं, काय केलंस? तर नारळावर घरटं आहे आणि पडलेलं पिल्लू मांजर खाईल म्हणून हिने उचलून खोक्यात ठेवलेलं. मग येणारच ना अंगावर! काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, वाटेला एकदाही गेले नाहीत ते. पितर काकांच्या घराण्यातले आणि टोचतात आत्याला, हे कुठलं लॉजिक?

सात वर्षांच्या मुलाचं म्हणाल तर 2014 चा तो प्रयोग पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांवरचा, आपला कावळा वेगळ्या जातीचा. नळीत खडे टाकून पाणी वर आणायच्या काही खेळांत त्यांना 5 ते 7 वर्षांच्या मुलांएवढं जमलं, काहींत साफ फसले. शोकाचं म्हणाल तर मेलेल्या कावळ्याभोवती जमून ते इथे धोका कसला हे बघतात असं संशोधन सांगतं.

पिल्लं उडाली की थांबेल, तोवर गच्चीवर छत्री घेऊन जा, म्हटलं. शांतीचा 1100 अॅडव्हान्स मात्र आधीच गेला होता.