रविवारची प्रार्थना कॉन्स्टंटाइनने सुरू केली नाही

गेल्या रविवारी आत्याने शेजारच्या वसईच्या काकूंना जिन्यातच गाठलं. त्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेहून, परतत होत्या. आत्याने मोबाइलवरचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला: ‘रविवार हा रोमन सूर्यदेवाचा वार. कॉन्स्टंटाइन बादशहाने तो 321 साली येशूच्या नावावर खपवला, निकियाच्या परिषदेने शनिवारची प्रार्थना बंद केली. तुम्ही नकळत सूर्यच पुजता.’ काकू काही बोलल्या नाहीत, पर्समध्ये किल्ली शोधत राहिल्या. मला ते फार लागलं.

321 चा हुकूम खरा आहे, त्यात ‘सूर्याचा पूज्य वार’ हे शब्दही आहेत. पण तो वाचा तरी! न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी त्या दिवशी काम बंद ठेवावं; शेतकऱ्यांनी पेरणी, द्राक्षवेलींची लागवड खुशाल करावी, हंगाम हुकायला नको. त्यात येशूचं नावही नाही. ही सुट्टी झाली. प्रार्थना कुठे आहे?

प्रार्थना त्याच्या कितीतरी आधीची. 150 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक खुद्द बादशहाला उद्देशून लिहितो: सूर्याचा म्हणतात त्या वारी आम्ही शहरातले, खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतो. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, आठवणी वाचल्या जातात, भाकर, द्राक्षारस आणि पाणी आणतात, जे आले नाहीत त्यांचा वाटा घरी पोचवतात. कारणही तोच देतो: देवाने सृष्टी घडवायला घेतली तो हा पहिला दिवस आणि येशू मेलेल्यांतून उठला तोही हाच. पुढे याच श्रद्धेपायी जस्टिनला ठार मारलं. कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मलाही नव्हता.

आणि नावावरून देव ठरतो का? आत्या स्वतः दर शनिवारी मारुतीला तेल घालते.

निकियाचं, म्हणजे 325 साली भरलेल्या बिशपांच्या परिषदेचं म्हणाल, तर रविवारबद्दल तिथला नियम रविवारी गुडघे न टेकता उभ्याने प्रार्थना करा, एवढाच. म्हणजे रविवार आधीच रुळलेला होता.

एक मात्र मान्य करावं लागतं. सूर्याचं वेड लोकांच्या अंगातून लवकर गेलं नाही. पाचव्या शतकात पोप लिओंनी रोमच्या ख्रिस्ती लोकांना खडसावलं होतं, कारण संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढून झाल्यावर ते मागे वळून उगवत्या सूर्याला वाकत. सुट्टीचा कायदाही सूर्याला मानणाऱ्या राजानेच दिला. पण म्हणून काकूंची मिस्सा सूर्याची होत नाही.

हे सगळं मी त्याच ग्रुपवर टाकलं आहे. काकूंना मात्र आत्याने स्वतः जाऊन सांगावं.