केळ्याला सहा टाके

आमची कन्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली, तेव्हा घरात डॉक्टर येणार म्हणून आम्ही पेढे वाटले. पण डॉक्टरच्या आधी शस्त्रक्रियागृह येते, हे कोणी सांगितले नव्हते. सध्या घरात ज्या ज्या वस्तूला मूठ, कान किंवा कडी आहे, तिला काळा रेशमी दोरा लटकलेला असतो. एका हाताने गाठ मारण्याचा हा सराव टीव्हीसमोर चालतो, जेवताना चालतो आणि मी काही महत्त्वाचे सांगत असताना तर हमखास चालतो.

टाक्यांसाठी केळी लागतात. सुई सालीत काटकोनात शिरली पाहिजे, मनगट वळवून तिच्या बाकानेच ती बाहेर आली पाहिजे, दोन्ही कडांपासूनचे अंतर सारखे हवे आणि गाठ जरा जास्त ओढली की साल फाटते. भिडेखातर गुण देणे केळ्याला जमत नाही. शिकरणासाठी आणलेल्या डझनातली निम्मी केळी सकाळी टाके घातलेली सापडली, तेव्हा सौभाग्यवतींनी कात्री उचलली. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या दिवशी काढतात, पायावरचे दहा ते चौदा दिवसांनी, अशी माहिती कन्येने पुरवली. शिकरण त्याच दिवशी व्हायचे होते.

तक्रार करावी, तर तिच्या बाजूने थेट सुश्रुत उभे राहतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर आणि शिवण्याचा सराव जाड कापडावर व मऊ चामड्यावर करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. भाजी कोणाच्या पैशाने आणावी, यावर मात्र आचार्य मौन पाळतात. १९१२ साली नोबेल मिळवणारे शल्यचिकित्सक अलेक्सी कारेल फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे सुईकाम शिकले होते, हे ऐकल्यापासून सौभाग्यवतींनी आपली भरतकामाची पेटी कुलपात ठेवली आहे.

‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हे अमेरिकेतले शल्यचिकित्सक हॉल्स्टेड यांच्या नावावर सांगितले जाणारे सूत्र आहे. त्यातले तिसरे कलम माझ्या वाट्याला आले. पहिला वेढा उजवीकडून घातला, तर दुसरा डावीकडून घालायचा, नाहीतर गाठ घसरते. “बाबा, ही सुटली. तुमचा पेशंट गेला,” असे ती शांतपणे सांगते आणि पुन्हा दोरा हातात देते.

पुढच्या महिन्यात मूत्रमार्गात नळी घालण्याचे प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी कॉलेजात पुतळा आहे, असे ती वारंवार सांगते; पण टाक्यांसाठीही तिथे सिलिकॉनची गादी होतीच, म्हणून मी नागपूरला मामांकडे जायचे तिकीट काढून ठेवले आहे.