हात दाखवून अवलक्षण

काल थीसिसची जुरी, म्हणजे परीक्षकांसमोरची परीक्षा, झाली. अजून डोकं तापलेलंच आहे.

प्रकल्प असा: ख्याल गाणारे गाता गाता हवेत स्वर ओढतात, धरून ठेवतात, सोडून देतात. पंडित भीमसेन जोशींचे हात आठवा. मी तेच उलटं केलं. हात फिरवला की स्वर उमटतो आणि पडद्यावर त्याची रेघ उठते. वर नेला की तार सप्तक, खाली आणला की मंद्र. मागे तानपुरा अखंड चालू. हात ओळखायला जुन्या बाजारातला किनेक्ट कॅमेरा, २०१० साली व्हिडिओ गेमसाठी आलेला, पहिल्या पिढीचा. तो इन्फ्रारेड ठिपके टाकून अंतर मोजतो, त्यामुळे ऊन आलं की आंधळा. आमच्या स्टुडिओला पश्चिमेची भलीमोठी खिडकी, आणि पडदे कायम ‘मंजूर झालेले’. शेवटी होस्टेलच्या चादरी टांगल्या.

मग बाहेरचे परीक्षक आले. दोन्ही हात पाठीमागे, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

“सर, इथे उभे राहून हात हलवा ना.”

“कशाला?”

“हलवला की आवाज येतो.”

“येतोय की आवाज.”

“तो तानपुरा, सर. तुमचा स्वर अजून यायचाय.”

“मला गाता येत नाही.”

“गायचं नाही सर, नुसता हात...”

“मी हातवारे करत नाही. हातवारे करून बोललं की आमच्याकडे फटका बसायचा.”

काय बोलणार? बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारी माणसं आपण, आणि माझ्याच वाट्याला हे संस्कार यावेत!

त्यात किनेक्टची एक खोड आहे. तो शरीराचे २० सांधे शोधतो. एखादा दिसला नाही तर गप्प बसत नाही, अंदाज ठोकतो. सर निश्चल. त्यांचे दडलेले हात त्याला कधी खांद्यावर दिसत, कधी गुडघ्याशी. पडद्यावर रेघांचा गुंता, स्वर तार सप्तकात जाऊन मंद्रात आदळतोय.

“हे कोण वाजवतंय?”

“तुम्हीच, सर.”

“मी तर काहीच करत नाहीये.”

“म्हणूनच, सर.”

सर थोडा वेळ गप्प. मग, “याला बटण नाही का?”

हात न लावता वाजणारं थेरेमिन नावाचं वाद्य १९२०च्या सुमारास रशियात झालं. ते बनवणाऱ्या थेरेमिनसाहेबांनाही कुणीतरी बटणाचं विचारलं असणारच.

मग सरांनी छापील प्रत मागितली. त्यासाठी मात्र दोन्ही हात पुढे आले. किनेक्टला हात सापडले आणि स्वच्छ षड्ज लागला. सर तेव्हा मार्जिन बघत होते.

खरा राग याचाच आहे. हलणारं, वाजणारं काम करा म्हणतात आणि गुण देतात काळ्या कव्हरला. ध्वनीचंही दस्तऐवजीकरण छापूनच द्यायचं. मी पडद्याचे फोटो छापले, दुसरं काय छापणार?

शेरा आलाय: “चित्रांवरून आवाज स्पष्ट होत नाही. विद्यार्थी बोलताना फार हातवारे करतो.” सुधारित प्रत सोमवारी द्यायचीय, आणि बाइंडिंगवाला म्हणतोय, सोनेरी अक्षरं गुरुवारशिवाय होणार नाहीत.