नव्वद दिवसांत ‘गाठी’ विरघळवणारा काढा : एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे चार गटांतून आला : सोसायटीच्या, माहेरच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि भिशीच्या. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : “पीसीओडी म्हणजे अंडाशयावर झालेल्या गाठी. डॉक्टर हॉर्मोनच्या गोळ्या देतात. त्यांनी गर्भाशय सुकते आणि पुढे मूल होत नाही, म्हणून त्या आजच बंद करा. अशोक, लोध्र आणि शतावरीचा काढा नव्वद दिवस घ्या, गाठी विरघळतात आणि सोनोग्राफी नॉर्मल येते. अ‍ॅलोपॅथी लक्षणे दाबते, आयुर्वेद मुळावर घाव घालतो. वनस्पतींचा असल्याने दुष्परिणाम शून्य. आणि लग्न होऊन एक मूल झाले की हा त्रास असाही जातो.” त्याखाली डब्याची किंमत आणि फोन नंबर.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीने त्यावर विश्वास ठेवून गोळ्या बंद केल्या, डबा मागवला आणि पुढचे सात महिने तिला पाळी आली नाही. तेव्हा यातील एकेक विधान तपासून पाहू.

पहिले विधान गाठींचे, आणि सगळी गफलत इथूनच सुरू होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते त्या गाठी नसतात. प्रत्येक पाळीच्या चक्रात अंडाशयातील काही बीजपुटके, म्हणजे बीज ज्यांत वाढते त्या बारीक पिशव्या, एकदम वाढू लागतात, त्यांतले एक पुढे जाते, फुटते आणि त्यातून बीज बाहेर पडते. बाकीची आपोआप जिरतात. पीसीओएसमध्ये (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे संदेशातला ‘पीसीओडी’च) ही वाढ अर्ध्या वाटेवर थांबते. दोन ते नऊ मिलिमीटरची, म्हणजे मोहरीपासून हरभऱ्याच्या दाण्याएवढी, अनेक पुटके अंडाशयाच्या कडेने ओळीने बसलेली दिसतात. ती रोगट वाढ नसून न पिकलेली बीजे आहेत, त्यामुळे त्यांत ‘विरघळवण्यासारखे’ काही नसते. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या नोंदींवरून या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांचे लक्ष अंडाशयांवर होते आणि नावही त्यावरूनच पडले. पुढे विकाराची समज बदलली, पण नाव तसेच राहिले. मराठीत त्या नावाचे ‘गाठी’ झाले, आणि आपल्याकडे गाठ म्हटले की आईच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा कर्करोग उभा राहतो. या भीतीवरच डबा विकला जातो.

निदानही केवळ सोनोग्राफीवर होत नाही. २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात : पाळी लांबणे किंवा बीज न सुटणे, पुरुषी हॉर्मोनचे प्रमाण वाढल्याची चिन्हे (हनुवटीवरचे राठ केस, न हटणारी मुरुमे किंवा रक्ततपासणीतील वाढ), आणि सोनोग्राफीतील ते दृश्य. शिवाय थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन या हॉर्मोनचा बिघाड अशी दुसरी कारणे आधी वगळावी लागतात. २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर स्पष्ट सांगितले की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयांतही अशी पुटके भरपूर असतात. माझ्या भाचीला पहिली पाळी तेराव्या वर्षी आली. तिचे निदान लांबलेल्या पाळीवर आणि हनुवटीवरच्या केसांवर उभे आहे. सोनोग्राफीचा जो अहवाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझी बहीण नातेवाइकांना दाखवत फिरली, त्याची निदानाला गरजच नव्हती. आणि उलट बाजूने, नियमित पाळी येणाऱ्या अनेक तरुणींच्या सोनोग्राफीत हेच दृश्य दिसते, त्यांना काहीही झालेले नसते. त्यामुळे नव्वद दिवसांनी ‘सोनोग्राफी नॉर्मल’ आली काय आणि न आली काय, त्यावरून आजाराबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही.

दुसरे विधान गोळ्यांचे. गर्भाशय ‘सुकते’ हा शब्दप्रयोग कोणी रूढ केला कोण जाणे, पण या गोळ्यांनी तसे काही होत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन असलेली गोळी अंडाशयात तयार होणारे पुरुषी हॉर्मोन कमी करते, रक्तातील मोकळ्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढवते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ देत नाही. अस्तर पातळ राहते म्हणून रक्तस्राव कमी होतो, आणि बहुधा त्यालाच कोणीतरी ‘सुकणे’ म्हटले असावे. गोळी थांबवल्यावर वर्षभरात गर्भ राहण्याचे प्रमाण गोळी न घेतलेल्या स्त्रियांसारखेच असते. मग ‘गोळ्यांनीच बिघडवले’ असे इतक्या जणींना का वाटते? कारण साधे आहे. गोळी विकार बरा करत नाही. ती चालू असेपर्यंत त्याला आवर घालते. बंद केली की मूळची अनियमितता परत येते, आणि दोष गोळीच्या माथी बसतो.

याचा अर्थ गोळी निर्धोक आहे असा मुळीच नाही. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका तिने वाढतो. उच्च रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा आणून होणारी अर्धशिशी, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर ती देऊ नये. सायप्रोटेरोन हे पुरुषी हॉर्मोनला रोखणारे द्रव्य असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते, ती २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार पहिली निवड नाही. आणि रक्तदाब न मोजता, घरात कोणाला गुठळीचा त्रास होता का हे न विचारता, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात देणारे दवाखाने आहेत, हेही मान्य केले पाहिजे. संदेशातील चीड तिथूनच येते.

ती चीड निराधार नाही, म्हणून जरा विषयांतर. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पांढरे जाणे किंवा ओटीपोटात दुखणे एवढ्या तक्रारीवरही ‘पिशवी काढून टाका’ असे ऐकलेल्या बायकांच्या लेकींनी डॉक्टरवर डोळे झाकून विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा करणे चूक आहे. पण अविश्वासाचे उत्तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे आहे. अनोळखी नंबरवरून मागवलेला डबा हे नव्हे.

तिसरे विधान काढ्याचे, आणि इथे मला आयुर्वेदाची बाजू घ्यावीशी वाटते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय वीस योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रीरोगांचा, विचार करतो. सुश्रुत आर्तवक्षयाचे, म्हणजे पाळी क्षीण होण्याचे, लक्षण सांगताना ती ठरल्या काळी न दिसणे आणि अल्प प्रमाणात येणे असा स्पष्ट उल्लेख करतात, आणि गर्भधारणेसाठी ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस) व बीज या चारही गोष्टी जुळाव्या लागतात असे मांडतात. हा विचार रुग्णेची प्रकृती, वय, अग्नी, आहार यांतून पुढे जातो. सर्वांना एकच डबा ही कल्पना त्यात कुठेच बसत नाही. आणि घटक तरी पाहा. अशोकाची साल आणि लोध्र ही दोन्ही द्रव्ये वैद्य प्रामुख्याने अतिरक्तस्रावात, म्हणजे प्रदरात वापरतात. त्यांचा गुण स्तंभन, म्हणजे स्राव थांबवणारा. जिची पाळी चार-चार महिने येतच नाही तिला स्तंभन द्यायचे, हे कोणत्या ग्रंथात बसते? आमच्या ओळखीच्या एका वैद्यबाईंना मी डब्यावरची जाहिरात दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, हे तर नळाला पाणी नाही म्हणून तोटी आणखी घट्ट करण्यासारखे झाले.” संदेश आयुर्वेदाच्या नावाने फिरतो, पण पहिला अन्याय तो आयुर्वेदावरच करतो.

‘वनस्पती म्हणून दुष्परिणाम शून्य’ या विधानाला तर मेटफॉर्मिनच्या गोष्टीनेच उत्तर मिळते. पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे, कमी करण्यासाठी जी मेटफॉर्मिनची गोळी देतात, तिचे मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपीय झुडपातील द्रव्यात आहे. ते मूळ द्रव्य विषारी ठरले, म्हणून त्याच्या रसायनकुळातून सौम्य रूप शोधावे लागले, आणि १९५७ साली फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. वनस्पतीत औषध असते तसेच विषही असते, आणि दोन्हींमधले अंतर मात्रा मोजूनच कळते. शिवाय डब्यात फक्त वनस्पतीच आहेत हे कशावरून? बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणात नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. मूल व्हावे म्हणून घेतलेल्या चूर्णात ते असणे याहून क्रूर विनोद नसेल.

‘अ‍ॅलोपॅथी लक्षणे दाबते, मुळावर जात नाही’ या आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण संदेशाला वाटते ते नाही. पीसीओएसचे एकच असे मूळ अद्याप कोणालाच उपटता आलेले नाही, आणि कायमचा बरा करण्याचा दावा कोणतीही जबाबदार वैद्यकपद्धती करत नाही. जे माहीत आहे ते असे : अनेक जणींत शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून रक्तात इन्सुलिन जास्त राहते, ते अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन बनवायला लावते आणि त्यामुळे बीज पिकत नाही. म्हणूनच आहार आणि व्यायाम हा आधुनिक उपचाराचाही पहिला भाग आहे. वजन जास्त असलेल्या मुलींत पाच ते दहा टक्के घट झाली तरी पाळी सुधारू शकते. सडपातळ मुलींतही हा विकार असतो, तेव्हा दर भेटीत फक्त ‘वजन कमी कर’ म्हणणे हाही आळशीपणाच. आंध्र प्रदेशातील किशोरवयीन मुलींवर बारा आठवडे योगाचा नियंत्रित अभ्यास झाला, त्यात काही हॉर्मोनची पातळी साध्या व्यायामापेक्षा अधिक सुधारलेली दिसली. अभ्यास लहान आहे, पण मुलगी सकाळी सूर्यनमस्कार घालत असेल तर तिला कोणताही शहाणा डॉक्टर थांबवणार नाही. समग्र उपचार म्हणायचे तर ते हे, आणि त्याला डबा लागत नाही.

लग्न आणि मुलाबद्दलचे विधान दोन ओळींत संपवते. लग्नाचा अंडाशयाशी संबंध नाही. बाळंतपणानंतर काहींची पाळी काही काळ सुधारते, पण मधुमेहाचा धोका तसाच राहतो, आणि गरोदरपणात तर तो वाढतो. मूल हवे असेल तेव्हा बीज सुटण्यासाठी लेट्रोझोल हे पहिले औषध मानले जाते. २०१४ सालच्या ७५० स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झाले, क्लोमिफीन हे जुने औषध घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के जणींना. आपल्याकडे याच औषधाच्या वंध्यत्वातील वापरावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली.

संदेशात जे लिहिलेलेच नाही ते सर्वांत धोक्याचे आहे. पाळी न आल्याने ‘घाण रक्त साठते’ हे खोटे. पण बीज सुटत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली वाढत राहते, ते झडायला लागणारे प्रोजेस्टेरॉन मिळत नाही, आणि अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जावे. ‘नव्वद दिवस धीर धरा, मग आणखी नव्वद दिवस’ असे सांगणारा डबा नेमका हाच काळ खाऊन टाकतो. भाचीच्या बाबतीत सात महिन्यांनी तपासणीत अस्तर चौदा मिलिमीटर निघाले. डॉक्टरांनी आधी लघवीची गर्भतपासणी करायला सांगितली (माझ्या बहिणीला त्याचा राग आला, पण ती पहिली पायरीच असते), मग दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या आणि उपाशीपोटी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासली.

एक शेवटचा, कायद्याचा मुद्दा. औषधे आणि जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या कलम ३ मध्ये स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणजे हा संदेश चूक आहे की बरोबर याच्याही आधी, जाहिरात म्हणून तो बेकायदा आहे.

भाचीने मागच्या भेटीत डॉक्टरांना विचारले की गाठी गेल्या का हे पाहायला पुन्हा सोनोग्राफी करायची का. त्या म्हणाल्या, गरज नाही, तारखा लिहून आण. आता बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख यांच्या शेजारी लाल शाईने छोट्या खुणा असतात; गेल्या तीन खुणांमधली अंतरे एक्केचाळीस आणि अडतीस दिवसांची आहेत. अर्धा संपलेला डबा त्याच भिंतीच्या फडताळात आहे. परवा त्याच्या तळाशी चिकटवलेले लेबल मी भिंग घेऊन वाचले : घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, फक्त ‘दिवसातून दोनदा, कोमट पाण्यासोबत’.