ब्लूरवरची रेघ कोणी आखायची? : मिसिसागाकरांना उत्तर

नमस्कार मिसिसागाकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सकाळी चहाबरोबर वाचली तेव्हा चिडलो. रात्री पुन्हा वाचली तेव्हा तुमचा एक मुद्दा टोचत राहिला, म्हणून हे लांबण.

इतरांसाठी थोडक्यात. टोरोंटोच्या रस्त्यांवर सायकल लेन कुठे असाव्यात हे टोरोंटोच्या सिटी कौन्सिलने ठरवावं, ऑन्टारियोच्या प्रांतिक सरकारने नव्हे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. निमित्त बिल 212 चं. नोव्हेंबर 2024 मध्ये ते मंजूर झालं. मोटारींची लेन कमी करून सायकल लेन आखायची असेल तर शहराने प्रांताची परवानगी घ्यावी, असं त्याने ठरवलं. शिवाय ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन रस्त्यांवरच्या लेन काढायची तरतूदही त्यातच घातली गेली. त्यावर तुम्ही, टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरातून, लिहिलंत, "मी रोज मिसिसागाहून गाडी घेऊन ब्लूरने जातो. टोरोंटोत मला मत नाही. मग माझ्या वतीने बोलणार कोण? तुमचा नगरसेवक?"

नाही बोलणार. इथे तुम्ही मला पकडलंत, हे कबूल. रस्ता काही वॉर्डाच्या हद्दीत संपत नाही, आणि त्यावर रोज तासभर अडकणाऱ्या माणसाला कुठेतरी दाद मागता आली पाहिजे. ती जागा प्रांताचीच. पण तिथे बसून करायचं काय? सायकल लेन किती रुंद हवी, मोटारींचा वेग आणि संख्या किती असेल तिथे ती वेगळी काढायला हवी, हे सांगणारं ऑन्टारियो ट्रॅफिक मॅन्युअल प्रांताचंच आहे; सायकलींसाठी त्यात अख्खा अठरावा खंड आहे. मापं वरून येतात यावर कोणाची तक्रार नव्हती. तुमच्यासाठी गो ट्रेनच्या (टोरोंटो आणि आसपासची शहरं जोडणाऱ्या लोकलच्या) फेऱ्या वाढवणं हेही प्रांताच्याच हातात आहे. असल्या कामात मी त्यांना हरकत घेतली असती का? पण इथे कायद्यात तीन रस्त्यांची नावं घालून तिथलं रंगकाम खरवडायला निघालेत. मुख्यमंत्र्यांनी सोसायटीच्या पार्किंगमधल्या रेघा आखायला येण्यातला प्रकार.

आणि रेघ आखणं हे दिसतं तितकं सोपं नाही. ब्लूरच्या आमच्या इटोबिकोच्या, म्हणजे टोरोंटोच्या पश्चिम भागातल्या, तुकड्यावर लेन आली 2023-24 मध्ये. त्याआधी एका बैठकीला गेलो होतो. लांब टेबलावर रस्त्याचा नकाशा पसरलेला, लोक त्यावर चिकटचिठ्ठ्या लावत होते. एका ड्रायक्लीनरवाल्या आजोबांचं म्हणणं एवढंच, की माझा माल आणणारी व्हॅन सकाळी आठला उभी राहते, ती कुठे राहणार? त्यांनी तीन चिठ्ठ्या लावल्या, तिन्ही एकाच जागी. लेन झाली तेव्हा त्यांच्या दुकानासमोर माल उतरवायची जागा सोडलेली होती. खांब रोवले ते तिच्या पुढे. आजोबा अजूनही लेनच्या विरोधातच आहेत, ती गोष्ट वेगळी. पण क्वीन्स पार्कमध्ये, म्हणजे प्रांताच्या विधानसभेत, बसलेल्या माणसाला ती व्हॅन माहीत असायचं कारणच नाही.

जुलै 2024 मध्ये याच ब्लूरवर, डाउनटाउनच्या बाजूला, एक सायकलस्वार तरुणी गेली. बांधकामाचा कचऱ्याचा डबा लेनमध्ये ठेवला होता. त्याला वळसा घालायला ती मोटारींमध्ये आली आणि ट्रकखाली सापडली. तो डबा तिथे राहू न देण्याचं काम कोणाचं? शहराचं. त्यात शहर चुकलं, तर जाब विचारायला नगरसेवक आठवड्याभरात गाठता येतो. मंत्र्यांना जाब कसा विचारणार? त्याच कायद्यात त्यांनी लिहून ठेवलंय की लेन काढल्यामुळे कोणाला इजा झाली तर सरकारवर दावा लावता येणार नाही. "गर्दी कमी होईल" एवढी खात्री असेल तर हे कलम कशाला लागतं हो?

"कौन्सिलवाले काय शहाणे आहेत?" हेही तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. जार्व्हिस स्ट्रीटवर 2010 मध्ये लेन आखल्या आणि 2012 मध्ये त्याच शहराने पैसे खर्चून पुसल्या. पुसल्या तेव्हा महापौर रॉब फोर्ड, आणि कौन्सिलमध्ये नगरसेवक म्हणून त्यांचे भाऊ डग फोर्ड, आजचे प्रांताचे मुख्यमंत्री. माझ्या मते तो मूर्खपणा होता. पण ज्यांच्या दारातला रस्ता, त्यांच्या प्रतिनिधींनी तो उघड मतदान करून केला, आणि शेजारच्या शरबोर्नवर विटीच्या बदल्यात दांडू तरी मिळाला : वेगळ्या काढलेल्या लेन. या वेळी बदल्यात काय, तर बिल. शहराच्या अधिकाऱ्यांच्या अंदाजाने लेन काढायलाच सुमारे 4 कोटी 80 लाख डॉलर. फोर्डना तो आकडा मान्य नाही.

न्यायालयाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र चुकीचं आहे. "सायकल लेन हा मूलभूत हक्क" असं न्यायाधीशांनी म्हटलेलंच नाही. या लेन काढण्याविरुद्धच्या खटल्यात जुलै 2025 मध्ये आलेल्या निकालाचा गाभा असा : असलेली सुरक्षितता काढून माणसांचा जीव धोक्यात घालायचा असेल तर त्यामागे काही आधार हवा, आणि गर्दी कमी होईल याचा पुरावाच सरकारला देता आला नाही. सरकार त्यावर अपिलात गेलं.

कायद्याने बघितलं तर तुमची बाजू भक्कम आहे, हेही सांगून टाकतो. 1867 च्या राज्यघटनेत नगरपालिका हा प्रांताचा विषय. 2018 मध्ये ऐन निवडणुकीत फोर्डनी कौन्सिलच्या 47 जागांच्या 25 केल्या आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. आपल्याकडे 74 व्या घटनादुरुस्तीने रस्ते-पूल हे विषय निदान कागदावर तरी नगरपालिकांच्या यादीत आले, आणि तरी मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात माझा भाऊ फूटपाथची तक्रार घेऊन कोणाकडे जायचं हे विचारत फिरत होता. अधिकार आहे म्हणून तो वापरावा का, एवढाच माझा प्रश्न होता.

शेवटचं तुमचं वाक्य, "बर्फात कोण चालवतो सायकल?" मी चालवतो, पण माझं सोडा. गेल्या जानेवारीत सकाळी सातला ब्लूरवर निघालो तर ताज्या बर्फात माझ्या आधीच जाड टायरच्या दोन खुणा उमटलेल्या. सिग्नलला त्यातला एक सापडला. जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा, पाठीवरच्या चौकोनी पिशवीला शिवाजी महाराजांचं स्टिकर. "कुठला रे?" विचारलं, तर म्हणाला, "साताऱ्याचा. काका, पुढे लेन साफ केलीये ना?"