आत्या, बंबात पिशव्या टाकू नकोस

'निसर्ग वाचवा, घरापासून सुरुवात करा' असा एक लांबलचक मेसेज आमच्या तिन्ही फॅमिली ग्रुपांवर आलाय. सहा सवयी, शेवटी हात जोडलेले, 'दहा जणांना पाठवा'. एरवी मी न वाचता उडवला असता. पण रविवारी साखर पेठेत आत्याकडे गेले, तर वाड्याच्या दारातच जळक्या प्लास्टिकचा वास नाकात भरला. आत्या मोरीपाशी पाटावर बसून आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात दुधाच्या पिशव्या एकेक करून सोडत होती. "मेसेजमध्ये आलंय की! कचरा शून्य, पाणी फुकट."

मेसेजमधली ती चौथी सवय: 'पिशव्या, वेफर्सची पाकिटं, जुने पाइप बंबात जाळा. गॅस वाचतो. राख भांड्यांना आणि झाडांना वापरा. परदेशातही कचरा जाळूनच वीज करतात.'

आधी 'फुकट'चं बघू. एप्रिलात सोलापुरात आंघोळीला पाणी तापवतं कोण? गच्चीवरच्या टाकीचंच पाणी चटका देतं.

आता धूर. बंबात हवा जेमतेम पोचते, आच कमी-जास्त होते, त्यामुळे पिशवी अर्धवट जळते आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड थेट मोरीत. पाइप आणि वायरीचं आवरण तर पीव्हीसीचं, म्हणजे त्यात क्लोरीन. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनं नावाची विषारी रसायनं तयार होतात. ही शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं बसून राहतात. त्यातल्या सर्वांत जहाल प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ सालीच कर्करोगकारक ठरवलंय.

परदेशात जाळतात, हे खरं. पण कशात जाळतात? परदेश राहू द्या, आपल्याच २०१६ च्या घनकचरा नियमांत भट्टीसाठी अट घातली होती: दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जिथे धूर पुन्हा जाळतात तिथे, किमान ९५० अंश सेल्सिअस तापमान आणि वायू तिथे किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. शिवाय धुराड्यातून काय किती बाहेर पडतं, त्याची मोजणी. आत्याच्या बंबाचं धुराडं म्हणजे मोरीची खिडकी, आणि ती उघडते शेजारच्यांच्या स्वयंपाकघराकडे. आणि आपल्या सोलापुरात तुळजापूर रोडच्या डेपोवर वीजप्रकल्प उभा राहिला तो ओला कचरा कुजवून गॅस करण्याचा. तिथं प्लास्टिक पेटवायची कल्पनाच नव्हती.

मला सगळ्यात जास्त राग आला तो राखेचा. आजी बंबात तुराट्या, बाभळीचं जळण, गोवऱ्या घालायची. त्या राखेनं भांडी लख्ख निघायची, झाडांनाही चालायची. परवा आत्याच्या कढीपत्त्याच्या बुडाशी राख पसरलेली, आणि तिच्यात काळे, कडक गोळे. एक उचलून पाहिला तर निळ्या छपाईचा तुकडा अजून चिकटलेला. छपाईच्या रंगातलं जे जळत नाही ते राखेतच उरतं. हाच कढीपत्ता फोडणीत.

बाकीचं उरकते. 'रिठ्यानं कपडे धुवा': चालेल, रेशमी आणि लोकरी कपड्यांना तर उत्तमच; मळलेल्या कॉलरला पुरत नाही. 'भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला': इथे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला शिकवायला मेसेज लागत नाही.

'तुरटी फिरवा, पाणी शुद्ध' हे अर्धं खरं, नाइलाजानं मान्य करते. गढूळपणा खाली बसतो, त्याबरोबर काही जंतूही बसतात. पण सगळे मरत नाहीत, म्हणून वरचं निवळ पाणी उकळावंच लागतं. ती ओळ मेसेजमध्ये सोयीस्करपणे गळली आहे.

पिशव्यांचं काय करायचं, ते आत्याला करून दाखवलं. कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची. तो चिमूटभर तुकडा वेगळा झाला की कचऱ्यातून कुणीच वेचत नाही. मग विसळायची, दोरीवर चिमटा लावून वाळवायची, साठल्या की भंगारवाल्याला. तो घेईना तर घंटागाडीत सुक्या कचऱ्यात. आत्यानं तिथल्या तिथे पाच पिशव्या वाळत घातल्या, बंब विझवला.

सहावी सवय, 'रात्री फ्रिज बंद ठेवा', हिच्यावर मात्र ती ठाम. गार झालं की कॉम्प्रेसर आपणच थांबतो, सकाळी पुन्हा सगळं गार करायला तो जोरात पळतो, हे तिला दोनदा समजावलं. "बघू की," म्हणाली. मंगळवारी फोन आला: दूध नासलं, साखर घालून कलाकंद केलाय, न्यायला ये.