६४१ आभाळातून पडलेला नाही, सर

नमस्कार सर. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "६४१ कुठून आणला? संगणकाने सांगितलं आणि तुम्ही उतरवून काढलं. आमच्या लातूरच्या क्लासमध्ये असं उत्तर लिहिलं तर मी मार्क कापीन. आणि असल्या संख्येचा जेईईला उपयोग काय?"

मार्क खुशाल कापा, पायऱ्या न दाखवणाऱ्याचे कापायलाच पाहिजेत. पण संगणकाचं म्हणाल, तर हा विभाजक स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ साली शोधला.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३२ च्या जागी १, २, ४, ८, १६ घेतले की तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात, या सगळ्या मूळ संख्या. त्यावरून फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० च्या सुमारास अंदाज बांधला की पुढच्याही मूळच असणार. पुढची पहिलीच ही, आणि तिथेच अंदाज फसला.

आता तुमचा ६४१. समजा एखादी मूळ संख्या 'म' हिला पूर्ण भागते. मग 'म'ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ (पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणजे त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठल्याच घाताला १ बाकी येत नाही. दुसरीकडे, २ च्या (म − १) व्या घाताचीही बाकी १ असते. बाकी १ दर ६४ घातांनीच परत येते, तेव्हा म − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे तपासायच्या फक्त ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते! यात वापरलेला (म − १) व्या घाताचा नियम कोणाचा, तर खुद्द फर्माचा, तोही १६४० चाच. काखेत कळसा नि गावाला वळसा.

भागाकारही नको असेल, तर मला सगळ्यात आवडणारी वाट ही. ६४१ म्हणजे ६४० + १, म्हणून ६४० चा चौथा घात वजा १ ला ६४१ ने भाग जातो. तसंच ६४१ म्हणजे ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. याला २ च्या २८ व्या घाताने गुणा. गुणाकार येतो ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२ वा घात, आणि त्यालाही ६४१ ने भाग जाणारच. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरते आपलीच संख्या. मोंढ्यातला मुनीमसुद्धा हे वहीच्या कोपऱ्यात करून दाखवील.

जेईईचं म्हणाल तर हा प्रश्न येणार नाही. पण "अमुक घाताला तमुकने भागल्यास बाकी किती" हे तर तुम्हीच पोरांकडून घोटून घेता ना? ते हेच गणित आहे.

आपल्या संख्येला ६४१ ने भागल्यावर भागाकार येतो ६७,००,४१७. ही संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवायला २५८८ पर्यंतचेच विभाजक बघावे लागतात. त्यात एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने ६४ च्या जागी १२८ ची पट चालते हे दाखवलं, आणि २५७ तर वर आधीच बाद झाली, त्यामुळे उरतात ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. चारच भागाकार आहेत. ते मी मुद्दाम केलेले नाहीत, क्लासमध्ये पोरांकडून करून घ्या.